वळणावर हटून बसणारे पुढचे चाक

आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारा एक विद्यार्थी एका सोमवारी कोपराला पट्टी बांधून आला. आदल्या दिवशी ताम्हिणी घाटात डावीकडच्या वळणावर त्याची मोटारसायकल वळायचे सोडून सरळ पलीकडच्या बाजूला गेली. समोरून एस.टी. येत होती. चालकाने ती वेळेवर थांबवली, म्हणून निभावले. गाडी जुनी विकत घेतलेली, पुढे झुकून चालवायची, ‘स्पोर्ट्स’ म्हणतात त्या जातीची. "सर, पुढचं चाक ऐकतच नाही," एवढीच त्याची तक्रार होती. गॅरेजवाल्याने हँडलचा कोनसेट बदलला होता. त्याने गुण आला नाही, तेव्हा पुढचे दोन्ही फोर्क नवे घालायला सांगितले. खर्चाचा आकडा त्याच्या विद्यावेतनाच्या निम्म्याहून अधिक होता.

आम्ही यंत्रज्ञ नाही, पण बिघडलेल्या उपकरणांशी आमचा रोजचा संबंध. म्हणून आम्ही त्याला म्हटले, सुट्या भागांना हात लावण्याआधी तक्रार नीट लिहून काढ. ‘ऐकत नाही’ म्हणजे नेमके काय, आणि वळणाच्या कोणत्या टप्प्यावर? दोन दिवसांनी त्याने कागद आणला. त्यावर तीन वेगळ्या गोष्टी होत्या. वळणात शिरताना हँडल जड लागते. थोडी कलली की गाडी एकदम पडल्यासारखी आत कोसळते. आणि वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दिला की ती बाहेरच्या बाजूला पळते. अर्धे निदान इथेच झाले होते, कारण या तीन लक्षणांना एकच कारण असण्याची शक्यता कमी.

आता दुचाकी मुळात वळते कशी ते पाहू. उजवीकडे वळायचे तर चालक हँडलचे उजवे टोक क्षणभर पुढे ढकलतो. म्हणजे चाक आधी किंचित डावीकडे वळते. त्यामुळे टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा डावीकडे सरकते, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. सायकल चालवणारे प्रत्येक मूल हे करते, पण विचारले तर ठामपणे नाही म्हणते. गाडी किती कलायला हवी हे वेगाच्या वर्गावर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरते. 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 40 किलोमीटर वेगाला सुमारे 23 अंश कल लागतो, तर ताशी 50 ला सुमारे 33 अंश.

दुसरी गोष्ट म्हणजे हँडलचा तिरपा दांडा. तो ज्या अक्षावर फिरतो ती रेषा खाली वाढवली तर ती चाकाच्या टेकणबिंदूच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. टेकणबिंदू अक्षाच्या मागे राहतो, म्हणून चाक आपणहून सरळ होऊ पाहते. दवाखान्यातल्या ढकलगाडीची चाके अशीच मागे वळून बसतात. ट्रेल वाढला की गाडी सरळ रस्त्यावर स्थिर, पण वळायला आळशी. कमी झाला की चपळ, पण चंचल. सायकल फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच उभी राहते असे अनेक पुस्तकांत असते. ब्रिटनच्या डेव्हिड जोन्स यांनी उलट फिरणारे जादा चाक बसवून तो गुण जवळजवळ नाहीसा केला, तरी ती सायकल चालवता आली. त्यांचा लेख 1970 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सारा भर ट्रेलवर दिला. पुढे 2011 साली डच आणि अमेरिकन संशोधकांनी हा गुणही नसलेली आणि ट्रेलही उलटा असलेली सायकल तोल सावरते हे करून दाखवले. तेव्हा ‘हेच एकमेव कारण’ असे वर्गात सांगू नये हे बरे.

पुन्हा आमच्या गाडीकडे. पहिला संशय सर्वांत स्वस्त गोष्टीवर घ्यावा, म्हणून आधी हवा पाहिली. सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना. पुस्तिकेत पुढच्या टायरला 28 पौंड हवा सांगितली होती, भरली 19. आदल्याच आठवड्यात भरल्याचे तो शपथेवर सांगत होता. आम्ही दुसरा मापक आणला, तेव्हा पंपावरचा मापक नऊ पौंड जास्त दाखवतो हे कळले. मोजणारे साधनच खोटे बोलत असेल तर पुढचे सारे व्यर्थ. हवा कमी असलेला टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि हँडल फिरवायला जास्त जोर लागतो. हवा पुरी भरताच पहिली तक्रार जवळजवळ गेली.

दुसऱ्या तक्रारीसाठी गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसावे लागले. मागचा टायर मधोमध झिजून पाटासारखा सपाट झाला होता. महामार्गावर सरळ चालवलेल्या गाड्यांचे असेच होते. टायरचा छेद गोल असेल तर गाडी सारख्या गतीने कलते. सपाट असेल तर ती आधी सपाटीवर बसून राहते आणि कडा ओलांडली की धप्पकन आत पडते. म्हणजे आरोप पुढच्या चाकावर आणि दोष मागच्याचा.

तिसऱ्या तक्रारीचा उगमही मागेच निघाला. मागचे चाक उचलून धरले, त्याच्या आसापासून शेपटाकडच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजले. मग चालकाला बसवून तेच अंतर पुन्हा मोजले. फरक 52 मिलिमीटर. अशा गाडीला 30 ते 35 पुरे असतात. आधीचा मालक उंचीने कमी होता, पाय टेकावेत म्हणून त्याने मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण अगदी खालच्या खाचेवर आणला होता. शेपूट खाली बसले की हँडलचा दांडा अधिक तिरपा होतो. आमच्या गाडीत दांडा उभ्या रेषेशी 24 अंश, चाकाची त्रिज्या 300 मिलिमीटर, फोर्क दांड्याच्या 30 मिलिमीटर पुढे आणि दोन चाकांतले अंतर 1350 मिलिमीटर. या मापांवरून ट्रेल 101 मिलिमीटरच्या आसपास येतो. मागची बाजू 20 मिलिमीटरने बसली तर तो सुमारे 106 होतो. पाच मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक, पण त्याच वेळी पुढच्या चाकावरचा भारही हलका होतो. ॲक्सिलरेटर दिल्यावर भार आणखी मागे जातो, पुढची पकड आणखी कमी होते आणि गाडी बाहेर पळते.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी, असा नियम आम्ही ठेवला होता. त्यात एक गंमत केली. एकदा पाना हातात घेऊन दहा मिनिटे खुडबुड केली आणि काहीही बदलले नाही. फेरी मारून आल्यावर तो उत्साहाने म्हणाला, "सर, आता खूप फरक आहे!" खरे सांगितल्यावर ओशाळला. त्यानंतर काय बदलले ते त्याला फेरी झाल्याशिवाय सांगितले नाही. स्प्रिंगचा ताण वाढवला त्या दिवशी मात्र त्याने न सांगता अचूक ओळखले.

कोनसेटला गॅरेजवाल्याने उगीच दोष दिला असे नाही. पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश फिरवावे. मधोमध खाचेत बसल्यासारखे अडकले तर आतल्या वाट्यांना खड्डे पडलेले असतात. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवताना टकटक आली तर तो सैल आहे. या चाचण्यांना खर्च शून्य, पण भाग बदलण्यापूर्वी त्या झाल्याच नाहीत. फोर्कचीही तीच गोष्ट. आतले तेल जुने झाले की अवमंदन कमी होते, गाडी ब्रेकला नाक खाली घालते आणि वर-खाली डोलत राहते. आमच्या गाडीचे नाक दाबून सोडले तर ते एकदाच वर येऊन थांबत होते. ऑइल सीलही कोरडे होते. फोर्क निर्दोष होते.

मागचे चाक सरळ बसले आहे का हे पाहायला मात्र साखळीच्या ताणाजवळच्या खुणांवर विसंबू नये, त्या पुष्कळदा चुकीच्या असतात. दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पाहावे. आणि हँडल वेगात थरथरू लागले, सेकंदाला सहा ते दहा हेलकावे घेऊ लागले, तर ते हट्टाने आवळून धरू नये, ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करावा आणि कारण सापडेपर्यंत ती गाडी बाहेर काढू नये.

ट्रेल मोजायला मोटारसायकल लागत नाही. शाळेच्या मैदानात कोणतीही सायकल सरळ उभी धरा. हँडलच्या दांड्याला लांब पट्टी समांतर लावून ती रेषा जमिनीवर कुठे येते तिथे खडूने खूण करा. पुढच्या आसावरून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. अंतर मोजा. मग मागचे चाक विटेवर ठेवून पुन्हा मोजा. नंतर सायकल बसायच्या जागेला धरून एका बाजूला कलवा आणि पुढचे चाक कोणीही हात न लावता कुठे वळते ते मुलांना पाहू द्या.

आमच्या विद्यार्थ्याने फोर्क बदलले नाहीत. मागचा टायर त्याने दोन महिन्यांनी, पैसे साठल्यावर घेतला. तोपर्यंत तो घाटात गेला नाही. हवेचा मापक मात्र त्याने स्वतःचा विकत घेतला, आणि आमचा नेलेला परत करायचा राहिला आहे.