पोटातले ते इंजेक्शन आणि त्याचे पर्याय

गुडघा किंवा खुबा बदलला की पेशंटला रोज पोटाच्या कातडीखाली एक छोटे इंजेक्शन देतात. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये आणि ती सुटून फुप्फुसात अडकू नये, यासाठी. बहुतेकदा ते एनॉक्सापॅरिन असते, म्हणजे हेपॅरिनच्याच घराण्यातले. हेपॅरिन आज मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात.

आपल्या घरांत ही गोष्ट ऑपरेशननंतर कुणीतरी मोबाइलवर वाचतो आणि मग अम्मी इंजेक्शनला नाही म्हणतात. आम्हाला यात मोठा धोका दिसतो. पहिले काही आठवडेच जोखमीचे असतात. दुसरा इलाज नसेल तर मजबुरीची सवलत दीनने दिलेलीच आहे. पण इथे दुसरा इलाज पुष्कळदा असतो. तो आधी विचारावा लागतो, इतकेच.

फोंडापॅरिनक्स हेही इंजेक्शनच, मात्र त्याचे औषध प्रयोगशाळेत बनते, प्राण्यापासून नाही. रिव्हारॉक्साबॅन आणि अपिक्साबॅन या गोळ्या. पहिली दिवसातून एकदा, दुसरी दोनदा. खुब्यानंतर साधारण पाच आठवडे, गुडघ्यानंतर दोनेक आठवडे. घरी सुई टोचणारे कुणी नसेल तर याच सोयीच्या. वॉरफॅरिन जुनी आणि स्वस्त, पण रक्त वारंवार तपासावे लागते. मेथी-पालक कमीजास्त खाल्ले तरी तिचा असर बदलतो.

आणि ॲस्पिरिन? सर्वांत स्वस्त, म्हणून मोह होतोच. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत 90 दिवसांत ॲस्पिरिनवाल्यांपैकी सुमारे 3.5 टक्क्यांना गुठळी झाली, एनॉक्सापॅरिनवाल्यांपैकी 1.8 टक्क्यांना. त्याआधी 2018 च्या कॅनडातील चाचणीत पहिले पाच दिवस रिव्हारॉक्साबॅन देऊन पुढे ॲस्पिरिन दिली, तेव्हा ती मागे पडली नव्हती. म्हणजे पहिल्या दिवसापासून नुसत्या ॲस्पिरिनवर राहावे की नाही, हे डॉक्टरांनीच पेशंट पाहून ठरवायचे.

किडनी कमजोर असेल, पोटात अल्सर झाला असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, तर ते आधीच सांगावे. निवड त्यावर फिरते. कमरेत भूल देणार असतील तर औषधाची वेळही त्यानुसार ठरते. म्हणून भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हाच विचारावे, ‘हे औषध कशापासून बनते? आमच्या पेशंटला दुसरे चालेल का?’ चालणार नाही असे उत्तर मिळाले तर ते इंजेक्शन वेळेवर घ्यावे, मध्येच बंद करू नये.

घरी आल्यावर एकच पोटरी सुजली, अचानक दम लागला किंवा शौच काळे झाले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.