जुनें पद आणि नवा साज

दिवाळी सरून भाऊबीज झाली कीं गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी-मोरगांव आणि नवेगांव-बांध या बाजूस, गांवोगांव मंडई भरूं लागते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्रीं नाटक. हें नाटक दहाच्या सुमारास उभें राहून पहांटेपर्यंत चालतें, आणि त्यांत गाणें हें असावयाचेंच. वादक मंडळी रंगमंचाच्या पुढ्यांत बसतात. नट गातो तो त्यांच्याकडे आणि समोरच्या गर्दीकडे पाहून. झाडीपट्टीची ही रंगभूमि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत नांदते. २०२३ सालीं तिचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हां तिचें नांव पुण्यामुंबईच्या काहीं घरांत प्रथमच उच्चारलें गेलें असेल.

या मंडईच्या प्रेक्षकाच्या खिशांत आतां मोबाईल असतो. एखादें जुनें नाट्यपद चित्रपटाच्या नव्या साजांत ऐकावयास त्याला रात्रीपर्यंत थांबावें लागत नाहीं. धुऱ्यावर बसल्या बसल्या तें ऐकतां येतें. तेथें पायपेटीच्या जागीं व्हायोलिनांचा ताफा असतो, गळ्यांत खर नसते, श्वासहि ऐकूं येत नाहीं. असा साज चढविल्यानें जुनें पद खुलतें कीं त्याचा जीव जातो? शहरांतल्या घरांतून या प्रश्नावर दोन तट पडलेले दिसतात. वडील मंडळी पहिल्या आलापालाच नाक मुरडतात. तरुण मंडळी म्हणतात, आमच्यामुळें तर हीं पदें टिकलीं. दोन्ही पक्षांनीं थोडी घाई केली आहे.

वडील मंडळींची घाई अशी कीं, ज्यास तीं मूळ म्हणतात तेंहि एका काळीं नवा साजच होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तें साकी, दिंडी, लावणी आणि कीर्तनांतल्या रुळलेल्या चाली घेऊन. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनीं उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा बाज आणला, तर १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनीं ख्यालाच्या चिजांचीं वळणें मराठी शब्दांस दिलीं. दुसऱ्याची चाल आपलीशी करणें हा नाट्यसंगीताचा दोष नव्हे, तो त्याचा कुळाचार आहे.

बालगंधर्वांच्या ज्या ध्वनिमुद्रिका आज प्रमाण मानल्या जातात, त्यांची गोष्टहि अशीच आहे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. रंगभूमीवर अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर असतां तेंच पद कोठवर जाईल, हें त्या रात्रीचा प्रेक्षक ठरवी. तबकडी म्हणजे अख्ख्या ताग्यांतून फाडून दिलेला नमुन्याचा तुकडा. तेवढ्यावरून ताग्याची लांबी मोजूं नये.

तरुणांची घाई दाखवून देण्यास विदर्भांतलेंच एक नाटक पुरेसें आहे. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें 'कट्यार काळजांत घुसली' १९६७ च्या डिसेंबरांत रंगभूमीवर आलें. त्याच वर्षींच्या जुलैंत बालगंधर्व निवर्तले होते. संगीत जितेंद्र अभिषेकींचें, आणि खांसाहेबांच्या भूमिकेंत मूर्तिजापुरास जन्मलेले वसंतराव देशपांडे. या नाटकांत 'घेई छंद' हें एकच पद दोन चालींत येतें. एक चाल पंडितजींच्या घराण्याची, शांत आणि रेखीव. दुसरी खांसाहेबांची, चपळ व आक्रमक. शब्द तेच राहतात, परंतु चाल बदलतांच गाणाऱ्याचा स्वभाव, त्याचा गर्व, त्याची भूक हीं सारीं बदलतात. पुनर्रचना सफल केव्हां होते याचें याहून स्पष्ट उत्तर शोधूनहि सांपडणार नाहीं. दुसऱ्या गाणाऱ्यास त्याच शब्दांतून कांहीं निराळें म्हणावयाचें होतें, आणि तें म्हणण्यास त्याला दुसरी चाल लागली.

२०१५ सालीं सुबोध भावे यांनीं या नाटकाचा चित्रपट केला. अभिषेकींचीं काहीं पदें ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनीं नवीं गीतें जोडलीं. जेथें दोन घराण्यांचा झगडा ऐन रंगांत आहे तेथें जुनीं पदें पडद्यावरहि पेट घेतात. राहुल देशपांडे यांचा गळा तेथें आजोबांचें अनुकरण करीत नाहीं, त्यांच्याशीं वाद घालतो. परंतु जेथें वाद्यमेळ केवळ भव्यतेसाठीं फुगविला आहे, तेथें पद मोठें होण्याऐवजीं दूर जातें. महेश काळे यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें तें या चित्रपटांतल्या 'अरुणि किरणी' या नव्या गीतासाठीं, जुन्या पदासाठीं नव्हे. यावरून सिद्धांत काढणें बरें नव्हे, तरी ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नव्या गीतास मागच्या कोणाच्या आठवणीशीं झुंजावें लागत नाहीं.

दूर जाण्याचें कारण बरेंचसें यंत्रांत आहे. आजच्या ध्वनिमुद्रणांत वाद्यें पुष्कळदां वेगवेगळीं मुद्रित होतात. लय आधींच ठरवून तिचा ठोका प्रत्येकाच्या कानांत सोडतात, म्हणजे पुढें सारे थर एकावर एक नेमके बसतात. गाणाराहि तुकड्यातुकड्यानें गातो. त्यांतला उत्तम तेवढा ठेवतात, आणि एखादा स्वर किंचित् उतरला असेल तर संगणक तो वर उचलून देतो. यांत फसवणूक कांहीं नाहीं. परंतु नाट्यपदाचा प्राण ज्या एका गोष्टींत आहे ती येथें अडचणींत येते. गाणारा शब्दावर रेंगाळला तर तबलजी त्याच्यासाठीं थांबतो, आणि समेवर दोघे एकत्र येतात तेव्हां प्रेक्षकाच्या तोंडून वाहवा निघते. कानांतला ठोका कोणासाठीं थांबत नाहीं.

तरी यंत्रावर सगळा दोष ढकलतां येत नाहीं. रवी जाधव यांच्या २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटांत आनंद भाटे यांनीं गाइलेलीं पदें याच यंत्रांतून गेलीं आहेत. त्यांनीं बालगंधर्वांच्या लयीचा सैलपणा जपला, शब्दांस घाई केली नाहीं आणि वाद्यांस आपल्या मागें ठेवलें. पारितोषिक त्यांसहि मिळालें. याच्या उलट, जलशांतून आणि दूरचित्रवाणीवर गिटार व ढोलताशे यांच्या गजरांत जीं पदें म्हटलीं जातात, त्यांतल्या पुष्कळांस रुक्मिणी काय आणि भामिनी काय, सर्व सारख्याच. पद कोणत्या प्रसंगीं, कोणाच्या तोंडीं आहे हें गाणाऱ्यानें मनांत आणलेलें नसतें. स्वर बिनचूक, ताल बिनचूक, आणि शेवटीं ऐकणाऱ्याच्या हातीं कांहीं नाहीं.

गोंदियाच्या बाजूच्या एखाद्या नवख्या गायक-नटाची खरी पंचाईत येथेंच होते. त्याला शिकवावयास बुवा जवळ नसले तर गुरु म्हणून मोबाईल आहे. तो ती घोटीव तान जशीच्या तशी पाठ करतो, आणि ऐन थंडींत, मध्यरात्रीं, धुळीनें बसलेल्या गळ्यानें ती बाहेर काढूं पाहतो. ती पुरी निघाली तरी मागून ओरड येते, वन्समोर! मराठी रंगभूमीवर या शब्दाचा अर्थ पुन्हा तेंच गा असा कधींच नव्हता. अजून कांहीं दे, असा होता. मोबाईलवर शंभरदां ऐकलेलें गीत शंभरहि वेळां तेंच निघतें, त्यामुळें दुसऱ्यांदा काय द्यावयाचें हें त्यानें त्याला शिकविलेलें नसतें. अशा वेळीं पुढ्यांतला जाणता पेटीवाला मदतीस येतो. तो हलकेच पट्टी अर्ध्या स्वरानें खालीं आणतो, तबला ठाय लयींत धरावयास डोळ्यांनीं सांगतो, आणि पोरगा पहिली ओळ पुन्हा उचलतो, या वेळीं स्वतःच्या गळ्याला झेपेल अशी.