घरातील दुसरा कुत्रा

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण मराठीत रूढ आहे. रस्त्यावर वाढलेला कुत्रा घरी आणणाऱ्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात तिची आठवण वारंवार होते. हाक मारली तर तो येत नाही, गळपट्टा घालू देत नाही, तोंडात धरलेली वस्तू सोडीत नाही. त्यातून घरात आधीपासून दुसरा कुत्रा असेल, तर अडचण दुहेरी होते. नव्याचा हट्ट मोडावा की जुन्याला जपावे, या विवंचनेत घाई होते. आणि त्या घाईचे पर्यवसान पुष्कळदा नवागताची पुन्हा रस्त्यावर रवानगी होण्यात होते. म्हणून हा हट्ट म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

कोलकात्यानजीकच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा व त्यांचे सहकारी मोकाट कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करीत आले आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ३६४ पिल्लांपैकी सात महिन्यांच्या वयापर्यंत शेकडा १९ पिल्लेच जगली. मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंना मनुष्यच या ना त्या रीतीने कारणीभूत होता. प्रौढ वयात जो मोकाट कुत्रा एखाद्या घरात येतो, तो या चाळणीतून उरलेला असतो. त्याच्या उरण्यात दैवाचा वाटा मोठा असला, तरी सापडलेला घास न सोडणे, अनोळखी हातापासून दूर राहणे आणि एकाच दाराशी तासन्‌तास वाट पाहणे, या सवयी त्याच्या उपयोगी पडलेल्या असतात. घरात आल्यावर त्याच सवयींना हट्ट हे नाव मिळते.

यातील चिकाटीचे कारण मानसशास्त्राला चांगले परिचित आहे. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ज्या कृतीचे फळ दर वेळी न मिळता अधूनमधून मिळते, ती कृती फळ बंद झाल्यावरही प्राणी दीर्घकाळ करीत राहतो. चहाच्या टपरीशी बसलेल्या कुत्र्याला दहा गिऱ्हाइके हाकलतात आणि अकरावे बिस्किट टाकते. घरात जेवणाच्या वेळी भुंकणाऱ्या कुत्र्यास नऊ वेळा दुर्लक्षून दहाव्या वेळी पोळीचा तुकडा देणारी मंडळी, नकळत, हाच धडा त्याला पक्का करून देतात.

दुसरे पुष्कळसे हट्ट ही वस्तुतः भीती असते. स्कॉट व फुलर यांनी अमेरिकेत केलेल्या व १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे ठरले की, वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लाला ज्या गोष्टींचा सहवास घडतो, त्या ते पुढे सहजी स्वीकारते. मोकाट कुत्र्याने त्या काळात इतर कुत्री पाहिलेली असतात. परंतु गुळगुळीत फरशी, जिना, कुकरची शिटी, बंद दार यांची त्याला ओळख नसते. जिन्याच्या पहिल्या पायरीशी चारही पाय रोवून उभा राहणारा कुत्रा अवज्ञा करीत नसून त्याला तो जिना चढता येईल असे वाटत नसते.

अशा कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावे, हा सल्ला अद्याप सर्रास दिला जातो. त्याचे मूळ बरेचसे श्येंकेल यांनी बाझेल येथील प्राणिसंग्रहालयात लांडग्यांवर केलेल्या व १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आहे. कोंडलेल्या लांडग्यांत त्यांना अधिकारासाठी झगडे दिसले. परंतु लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली दाखवून दिले की, रानातील कळप हा बहुधा आईबाप व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असतो. तेथे सिंहासनासाठी लढाई नसते. तेव्हा कुत्र्याला जमिनीवर दाबून धरण्याला या निरीक्षणांचा आधार उरत नाही. त्याने फक्त हाताची भीती वाढते, आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

दोन कुत्र्यांची गाठ घालून देण्यापूर्वी नवागताला सुमारे दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. डिस्टेंपर व पार्वो या घातक रोगांची लक्षणे बहुधा तेवढ्या काळात प्रकट होतात. गोचीड व जंत यांवरही उपाय करता येतो. रेबीजचे मात्र तसे नाही. तो शरीरात महिनोन्‌महिने सुप्त राहू शकतो; म्हणून नव्याला लस टोचून घ्यावी व जुन्याचीही लस चालू असल्याची खात्री करावी. कानाला पाडलेली खाच दिसली, तर त्याचे निर्बीजीकरण झालेले आहे असे सामान्यतः समजावे. या काळात एकाचे अंथरूण दुसऱ्याला हुंगू द्यावे, म्हणजे भेटीपूर्वी वासाची ओळख होते.

पहिली भेट घरात घडवू नये. घर जुन्याचे आहे. दोघांना दोन माणसांनी मोकळ्या मैदानात, बऱ्याच अंतरावरून, एकाच दिशेने चालवावे व अंतर हळूहळू कमी करावे. दोरी ताणली की कुत्र्याचे अंगही ताणते, म्हणून ती सैल असावी. वळसा घेऊन जवळ येणे, हुंगणे, पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच करणे, ही शुभ चिन्हे होत. ताठलेले अंग व रोखलेली नजर दिसताच दोघांना दूर न्यावे. शेपूट हलते आहे एवढ्यावर विसंबू नये. उंच धरून ताठरपणे हलणारे शेपूट स्नेहाचे नसते. गुरगुरण्याबद्दल शिक्षा तर कधीच करू नये, कारण ती पूर्वसूचना आहे आणि ती बंद पडली तर दात विनासूचना लागतो.

घरात भांडणाचे पहिले कारण अन्न. दोघांची भांडी वेगळ्या खोल्यांत, दार लावून ठेवावी, आणि हाडे किंवा खेळणी मध्ये पडू देऊ नयेत. जुंपलीच तर मध्ये हात घालू नये. घोंगडे टाकावे किंवा पाणी ओतावे. माणसाला दात लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे, मग कुत्रा घरचा का असेना.

जुना कुत्रा म्हातारा वा आजारी असेल, तर दांडगा सोबती आणणे हे त्याच्यावर अन्यायाचेच होय. दोन्ही माद्या असतील तर अधिक सावध राहावे, कारण एका घरातील तीव्र भांडणे समलिंगी जोड्यांत, विशेषतः माद्यांत, अधिक आढळतात. जुन्याची झोपण्याची जागा व फिरण्याची वेळ बदलू नये. नव्यासाठी खाऊ उपयोगी आहेच. परंतु कोलकात्याच्याच गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अनोळखी माणसावर विश्वास बसण्यास मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत खाद्यापेक्षा अंगावरून हात फिरविणे अधिक परिणामकारक ठरले. अर्थात तो स्वतः जवळ आल्यावरच.

सर्वच जोड्या एकत्र खेळू लागत नाहीत. कित्येक घरांत दोन कुत्री वर्षानुवर्षे एकमेकांना हुंगण्यापलीकडे जात नाहीत. तथापि जुना कुत्रा निजलेल्या नव्याच्या अंगावरून पाणी पिण्यास जातो, आणि नवा डोळेही उघडीत नाही.