अ‍ॅन्शुट्झ की वॉल्थर? पन्नास मीटरसाठी पहिली रायफल घेताना

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचं सुवर्ण आणलं होतं. कोल्हापूर म्हणजे बेळगाव-निपाणीकरांचा शेजार, त्यामुळे हा खेळ आपल्याला परका राहिलेला नाही. एअर रायफलवर हात बसलेल्या मुलामुलींच्या घरी पुढचा प्रश्न येतो तो असा : स्वतःची ‘पॉइंट टू-टू’ घ्यायची झाली तर कुठली? बोलता बोलता दोन नावं हमखास निघतात. एक अ‍ॅन्शुट्झची १९१३, दुसरी वॉल्थरची केके ५००.

गंमत म्हणजे दोन्ही कंपन्या एकाच गावच्या. मूळच्या थुरिंगियातल्या त्सेला-मेलिस भागातल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दोघीही जर्मनीतल्या उल्म शहरात नव्याने उभ्या राहिल्या. दोन्ही रायफली बोल्ट-अ‍ॅक्शन, एकेरी गोळीच्या. बोल्ट हाताने मागे ओढायचा, एक गोळी ठेवायची, बोल्ट पुढे लोटून बंद करायचा. आपोआप काहीच होत नाही, आणि तेच हवं असतं; प्रत्येक गोळी नळीच्या तोंडाशी अगदी सारखी बसते.

‘नेम कुणाचा चांगला?’ हा पहिला प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचा आहे. ५० मीटरवरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि वर्तुळाच्या रेषेला नुसती शिवली तरी दहा मिळतात. हिशेब केलात तर सगळी भोकं साधारण २१ मिलिमीटरच्या आत, मधोमध पडली की सगळे दहाच. शिकंजात घट्ट बांधली तर या दोन्ही रायफली जुळणाऱ्या गोळीने याहून बऱ्याच लहान जागेत मारतात. निसटलेला नऊ बहुतेक वेळा खांद्याचा, श्वासाचा किंवा चाप दाबणाऱ्या बोटाचा असतो.

‘जुळणारी गोळी’ हे मात्र महत्त्वाचं, आणि घरची माणसं नेमकी इथंच हात आखडतात. एली टेनेक्स, लापुआ, आरडब्ल्यूएस आर ५० ही नावं नेमबाजांना पाठ असतात. पण एकाच नावाच्या दोन लॉटमधल्या गोळ्या एका नळीतून वेगवेगळ्या वागतात. एक लॉट १४-१५ मिलिमीटरमध्ये बसतो, तर दुसरा त्याच रायफलीतून २२-२३ पर्यंत पसरतो. असा पसरणारा लॉट घेऊन स्पर्धेला उतरलात तर काही नऊ आधीच ठरलेले. म्हणून नाणावलेले नेमबाज रायफल शिकंजात बांधून पाच-सहा लॉट तपासतात आणि चांगला निघाला तो वर्षभर पुरेल एवढा घेऊन ठेवतात. महागड्या नव्या रायफलीत सगळे पैसे घालून गोळ्या मिळेल त्या वापरण्यापेक्षा साधी रायफल आणि तपासलेला लॉट कधीही परवडला.

लांब नळीचंही असंच. लांब नळी म्हणजे जास्त वेग, हे या गोळीला लागू नाही. तिची दारू साधारण ४० सेंटिमीटरच्या आतच जळून संपते. पुढची लांबी वेगासाठी नसते, तोलासाठी आणि पुढची माशी डोळ्यापासून लांब जावी म्हणून असते.

मग फरक कशात? अंगाला बसण्यात. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून वीस-वीस गोळ्या माराव्या लागतात. तिन्हीत गाल, खांदा आणि हात वेगळ्या जागी येतात. गालपट्टी, खांद्याचा हूक, मुठीचा कोन हे दर वेळी हलवून परत त्याच खुणेवर आणता आलं पाहिजे. वजनाचाही विचार करा. नियम पुरुषांच्या रायफलीला ८ किलोपर्यंत मुभा देतो, पण सोळा वर्षांच्या पोराने ती उभ्याने पेलायची आहे. दोन्ही रायफली प्रत्येकी अर्धा तास तरी हातात घेऊन, कोचला शेजारी उभं करून बघा. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा. नजर मान न वळवता थेट भोकातून गेली तर ती रायफल तुमची.

यंत्र म्हणून पाहिलं तर अ‍ॅन्शुट्झची ‘५४ मॅच’ अ‍ॅक्शन १९५०च्या दशकातली, वर्षानुवर्षं घासून सिद्ध झालेली. तिचे सुटे भाग, दस्ते आणि तिची नस जाणणारी माणसं सापडतात. केके ५०० अलीकडची. बोल्टची चाल आखूड, गाल न हलवता पुढची गोळी भरायला सोपी. माझं मत विचाराल तर पहिली रायफल म्हणून जुनी पण नीट ठेवलेली अ‍ॅन्शुट्झ. राज्य पातळीवर गुण टिकू लागले आणि केके ५०० अंगाला जास्त बसते असं दिसलं, तर तिच्याकडे जावं.

जुनी घेताना आकड्यांपेक्षा नळीचं टोक बघा. या गोळीने नळी सहसा झिजत नाही. ती खराब होते ती चुकीच्या सळईने साफ केल्यामुळे आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने धरलेल्या गंजामुळे.

आता परवाना. एअर रायफलसारखं इथं चालत नाही. पॉइंट टू-टूला शस्त्र परवाना लागतोच. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, नेमबाजांसाठी वेगळी सवलत आहे. परदेशी रायफलही कुणी उठून आणू शकत नाही, त्यामुळे क्लब आणि राज्य संघटनेशी आधी बोला. आणि सीमाभागातल्यांनी एक रकाना नक्की वाचावा : परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे. सरावाला कोल्हापूरला जायचं म्हणजे कोगनोळी नाका ओलांडला की राज्य बदललं. बेळगावात काढलेला परवाना कर्नाटकापुरता असेल तर रायफल गाडीत ठेवण्याआधीच क्षेत्रवाढीचा अर्ज करून ठेवावा लागतो.