ट्रामचं माहेर, बसचं सासर

पुण्याला ट्राम कधी नव्हती. टांगे होते, सायकली होत्या, नंतर बस आली आणि मग घरटी दोन-दोन स्कूटरी. त्यामुळे ६ मार्च २०२२ ला वनाझहून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो सुरू झाली, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या साऱ्याजणी नटूनथटून बघायला निघाल्या. रुळांवरून, विजेवर चालणारी गाडी गावातून जाते याचं त्यांना केवढं अप्रूप! मला मात्र गाडीत बसल्याबसल्या दादर आठवलं. कारण मैत्रिणींनो, विजेवर चालणाऱ्या गाडीतून मी फ्रॉक घालायच्या वयात रोज हिंडले आहे. माझं माहेर ट्रामच्या रस्त्यावरचं.

आमचं बिऱ्हाड दादरला, टी.टी.पासून हाकेच्या अंतरावर. सकाळी आईची पहिली कपबशी वाजायची त्याच सुमाराला खाली ट्रामची घंटा वाजायची. ही घंटा ड्रायव्हर पायानं वाजवी. गाडीला पुढं-मागं असं काही नव्हतंच. शेवटच्या थांब्याला आली की कंडक्टर वरच्या तारेला टेकलेला दांडा दोरीनं ओढून उलट्या बाजूला फिरवायचा, ड्रायव्हर आपला दांडा उचलून दुसऱ्या टोकाला जायचा की झाली गाडी परत निघायला तयार! हा कार्यक्रम बघायला आम्ही पोरं मुद्दाम उभी राहत असू.

ट्रामचा जन्म मात्र फार आधीचा, माझ्या पणजीच्या काळातला. ९ मे १८७४ ला मुंबईत पहिली ट्राम धावली आणि ती घोड्यांची. एक रस्ता कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. भाडं तीन आणे, आणि गंमत म्हणजे तिकीटच नसायचं! पुढं भाडं दोन आण्यांवर आलं तेव्हा तिकिटं निघाली. सुरुवातीला २० गाड्या आणि २०० घोडे होते. १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम बंद होण्याच्या वेळी तबेल्यात घोडे झाले होते १३६०. आपल्याला चार माणसांचा स्वयंपाक करताना नाकी नऊ येतात. एवढ्या घोड्यांचा रोजचा दाणावैरण, खरारा आणि शेण काढणं कोण करत असेल, असा विचार पहिल्यांदा बाईच्याच डोक्यात येतो.

१९०५ मध्ये वीज पुरवणारी आणि ट्राम चालवणारी अशी एकच कंपनी निघाली, आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. घरात दिवा देणारी आणि दारातून गाडी नेणारी कंपनी एकच. 'बेस्ट' या नावातला 'ट' तेव्हा ट्रामचा होता. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ती मुंबई महापालिकेकडे आली आणि मग तोच 'ट' ट्रान्स्पोर्टचा झाला. सप्टेंबर १९२० पासून दुमजली ट्रामही होती. बस आली ती १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. पहिल्या साडेपाच महिन्यांत सहा लाख लोक बसनं हिंडले आणि पुढच्या वर्षी अडतीस लाख! पण बस म्हणजे जरा बऱ्या परिस्थितीतल्या लोकांची. साध्या माणसाची ती ट्रामच. आजी सांगायची, तिच्या काळी एका आण्यात ट्रामनं कितीही लांब जाता येई. रविवारी बाबा आम्हाला म्युझियमपर्यंत ट्रामनं नेत आणि तिथून चालत समुद्रावर. जाताना खिडकीची जागा माझी, येताना धाकट्या भावाची, असा करारच होता. वाऱ्याला खारा वास येऊ लागला की मी डोळे मिटून घेई.

पण मला आज सांगायचं आहे ते आईचं.

आईची थोरली बहीण, माझी मावशी, भायखळ्याला राहायची. दर बुधवारी दुपारचं आवरलं की आई कापडी पिशवीत डब्यात काहीतरी घालून ट्रामनं मावशीकडे निघायची. दोन तास बसायची, पाचच्या आत परत. तिथं त्या दोघी काय बोलत कुणास ठाऊक, पण बुधवारी संध्याकाळी आई वेगळीच असायची. पोळ्या लाटताना गुणगुणायची. आईला एकटीनं जाण्याची एवढी एकच जागा होती. ट्रामची पायरी बुटकी, गाडी हळू, रस्ता सरळ, तिकीट थोडं. नऊवारी नेसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला ट्राम परकी वाटत नसे.

आता खरं बोलायचं तर ट्रामचे हालही होतेच. रूळ रस्त्याच्या मध्यावर, त्यामुळे लेकराला काखेत घेऊन भर रहदारीत उतरावं लागे. एखादी गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या ओळीनं उभ्या. मोटारी वाढल्या तशी ट्रामची अडचण सगळ्यांना होऊ लागली आणि एकेक मार्ग उठत गेला. मध्ये ११ जून १९६२ पासून ट्रॉलीबस म्हणून एक प्रकार निघाला होता, रुळांशिवाय पण तारेवर चालणारा. तोही २४ मार्च १९७१ ला बंद झाला. शेवटची ट्राम निघाली ३१ मार्च १९६४ च्या रात्री, बोरीबंदरहून दादरला. मी चौदा वर्षांची होते. रस्त्याच्या दुतर्फा ही गर्दी! बाबांनी आम्हाला खाली नेलं. आई आली नाही. "उद्या डबे लवकर करायचेत," म्हणाली.

तिच्या बुधवारचं काय होणार, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. बस होती की त्याच रस्त्यानं! पण तिकीट जास्त, पायरी उंच, रांगेत उभं राहायचं आणि गाडी थांबते न थांबते तोच चढायचं. एकदा चढताना तिचा नऊवारीचा काठ पायाखाली आला. पडली नाही, पण घाबरली. मग दर आठवड्याचं जाणं महिन्यावर आलं, महिन्यावरून सणावारावर. कोणी नको म्हटलं नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं. नुसती एक गाडी बंद झाली होती.

१९७२ मध्ये मी लग्न होऊन पुण्याला आले. सदाशिव पेठेतला वाडा, घरात सासूबाई, मामंजी, दोन नणंदा. पुण्यात पूर्वी सिल्व्हर ज्युबिली नावाच्या खाजगी कंपनीच्या बस होत्या. १९५० मध्ये महानगरपालिका झाली तेव्हापासून पी.एम.टी. पुण्याचं नाव बसच्या इतिहासात आणखी एका कारणानं आहे. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एस.टी. निघाली ती पुण्याहूनच, नगरला. आणि आपली डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली तीही १ जूनलाच, १९३० साली. प्रवासाला निघायचा हा मुहूर्तच दिसतो!

तशी पुण्याची खरी सवय चालण्याची. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० च्या सुमारास आश्रम हिंगण्याला नेला, तेव्हा स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून चार-एक मैलांची ती वाट ते पायी तुडवत. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आज त्या भागाचं नावच कर्वेनगर आहे आणि तिथं बसनं जाताना पोरी कॉलेजच्या वह्या मांडीवर घेऊन पेंगत असतात. ज्यांच्या शिक्षणासाठी तो माणूस चालला, त्यांनी बसमध्ये खुशाल पेंगावं.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला नोकरी चालून आली. शाळा हडपसरला. घरात दोन दिवस खल चालला. आमच्या ह्यांच्याकडे सायकल, म्हणजे सोडायला जाणं शक्य नाही. मामंजी म्हणाले, "दोन बस बदलून एवढ्या लांब, एकटी? कशाला ती दगदग?" ह्यांनी मान खाली घातली. मी ओट्याशी उभी राहून डोळे पुसले. नाही म्हणून कळवायचं, असं जवळजवळ ठरलंच.

सासूबाई सगळा वेळ गहू निवडत होत्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, मंडई आणि तुळशीबाग सोडली तर एकट्या कुठं न जाणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून माझ्यापुढं उभ्या. "चल. बघून तर येऊ कुठं आहे ते हडपसर."

आम्ही दोघी निघालो. स्वारगेटला बस बदलली. सासूबाई खिडकीशी बसल्या आणि पिशवीतून दूध-वाण्याच्या हिशेबाची वही काढली. बसचा नंबर, निघाल्याची वेळ, तिकिटाचे पैसे, पोचल्याची वेळ, सगळं लिहिलं. शाळा बाहेरूनच पाहिली, फाटकावरच्या शिपायाला "इथं बायका शिकवायला येतात का हो?" असं विचारलं आणि परतीच्या बसमध्येही पुन्हा वेळ लिहिली. रात्री ताटं वाढताना ती वही त्यांनी मामंजींपुढं ठेवली. "जाऊन-येऊन अडीच तास. सकाळच्या पोळ्या मी बघते. तिनं जावं."

मामंजींनी वही वाचली, आमटी मागून घेतली, झालं. त्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं.

पण खरी गंमत पुढंच. सासूबाईंना त्या दिवशी बसची गोडी लागली. मग त्या पर्वतीला बसनं, कोथरूडला मावसबहिणीकडे बसनं आणि हडपसरला माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तर सगळ्यांच्या आधी हजर. कुठल्या नंबरची गाडी कुठं जाते हे वाड्यातल्या बायका त्यांना विचारू लागल्या. नवशिकीला त्यांच्या सूचना ठरलेल्या असत. सुटे पैसे पदराच्या गाठीत नको, मुठीत ठेव. चढताना निऱ्या डाव्या हातात, दांडी उजव्या हातात. पिशवी खांद्यावर, हातात नको. गर्दीत बांगड्या भरलेला हात वर करून धरायचा नाही. उतरायचं असेल तर एक थांबा आधी उठायचं, पण गाडी थांबल्याशिवाय पायरीवर यायचं नाही. आज साडीच्या जागी पंजाबी ड्रेस आला, पण बाकीचं सगळं जसंच्या तसं लागू आहे.

१९७६ च्या मे महिन्यात सासूबाई माझ्याबरोबर दादरला आल्या. बोलता बोलता आईच्या तोंडून निघून गेलं की मावशीकडे जाऊन सात महिने झाले. "का हो?" सासूबाईंनी विचारलं. आईनं ट्रामचं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या मुंबईच्या बसवर नंबर मराठीत लिहिलेला असतो. आपल्याला वाचता येतो. चला."

मी बरोबर निघाले तर मला घरीच बसवलं. गॅलरीतून बघत होते. दोन नऊवारी नेसलेल्या बायका थांब्यावर रांगेत उभ्या, एकीच्या हातात डबा, दुसरीच्या हातात ती वही. दुमजली बस आली. आईचा हात धरून सासूबाईंनी आधी तिला वर चढवलं, मग स्वतः चढल्या. त्या परत आल्या तेव्हा साडेसहा वाजून गेले होते आणि आई हसत होती. दोघी वरच्या मजल्यावर बसून आल्या होत्या! त्यानंतर आई पुन्हा बुधवारी जाऊ लागली, मावशी गेली तोपर्यंत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १९७४ मध्ये पिंपरी-चिंचवडची वेगळी बस निघाली होती, ती आणि पी.एम.टी. २००७ मध्ये एक होऊन पी.एम.पी.एम.एल. झाली. उच्चारायला अवघड, म्हणून आम्ही अजून पी.एम.टी.च म्हणतो. २०१८ च्या महिलादिनाला खास बायकांसाठी 'तेजस्विनी' बस आली, २०१९ पासून विजेच्या बस धावू लागल्या, ना धूर ना आवाज. मुंबईच्या जुन्या डिझेलच्या दुमजली बसनं १५ सप्टेंबर २०२३ ला निरोप घेतला, तेव्हा दूरदर्शनवर ते बघताना मी गॅलरीतला तो दिवस आठवत होते. कलकत्त्याची ट्राम बरीच टिकली, पण एक छोटा मार्ग ठेवून बाकीची बंद करायचं तिथल्या सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. तिथंही कुणाचा तरी बुधवार असेलच की.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या वर्षीच्या जूनमध्ये सासवडहून एका बाईनं एस.टी. चालवली, तिचा पेपरातला फोटो मी कापून ठेवला आहे. अर्ध्या तिकिटाचा फायदा घेऊन मी धाकट्या नातीला दादर दाखवायला नेलं. लेक म्हणत होता, "आई, गाडी करून देतो." मी म्हटलं, "बसनंच जाऊ."

दादरला उतरलो. नात आठ वर्षांची, दिसेल ते वाचते आणि ऐकेल ते विचारते. शेजारी एक बाई टॅक्सीवाल्याला सांगत होत्या, "दादर टीटी."

"आजी, टीटी म्हणजे काय?"

"ट्राम टर्मिनस."

"कुठाय ट्राम?"

मी रस्त्याकडे पाहिलं. वर उड्डाणपूल, खाली मोटारींचा गोंधळ. हुतात्मा चौकात २०१७ मध्ये खोदताना जुने रूळ सापडले होते, तसे इथंही डांबराखाली असतील तर असतील. मी तिचा हात धरला आणि भायखळ्याच्या बसच्या थांब्याशी जाऊन रांगेत उभी राहिले. बस आली, तेव्हा नंबर मोठ्यानं तिनंच वाचला.