पावशेर तूप

पहाटेचे साडेचार. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनाच्या बाजूने इंजिनाची लांब शिट्टी येते आणि हातातलं स्वप्न निसटतं. शिट्टीने निसटत नाही. ‘आत्ता कुठली गाडी असेल?’ एवढा एक विचार मनात येतो, तेवढ्याने ते जातं. हे कळायला मला तीन आठवडे लागले.

मला शिकायचं होतं निराळंच. स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याची पहिली नोंद घेतली. झोपेच्या ज्या टप्प्यात ठळक स्वप्नं पडतात, त्यात शरीर लुळं पडलेलं असतं, डोळे मात्र हलत असतात. म्हणून प्रयोगात झोपलेल्या अ‍ॅलन वर्स्लीने ठरल्याप्रमाणे बुबुळं डावी-उजवीकडे फिरवून आतून खूण केली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी अशाच खुणांवर संशोधन केलं आणि शिकणाऱ्यांसाठी पुस्तकं लिहिली. त्यांची पहिली अट साधी आहे: आधी रोज रात्रीचं निदान एक स्वप्न आठवू द्या, मग पुढचं बघू.

माझी वही उघडली तर पहिल्या तेरा पानांवर फक्त तारखा आहेत. खाली ‘काही नाही’. एका पानावर ‘काहीतरी हिरवं’.

खटपटी सगळ्या केल्या. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं. त्यात डोळे हलण्याचा टप्पा पहिल्या फेरीत दहाएक मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. 1957 साली डेमेंट आणि क्लाइटमन या संशोधकांनी माणसांना नेमकं त्या टप्प्यात उठवलं, तेव्हा सुमारे 80 टक्के वेळा स्वप्न सांगता आलं. म्हणजे पहाटे उठवणारं कुणी हवं! मी थरथरणारा गजर लावून फोन उशीखाली ठेवला. पहिल्याच दिवशी नवरा दचकून उठून बसला, मी फोन बंद करायला वळले, आणि दोघांचीही स्वप्नं गेली. दुसऱ्या दिवशी फोन दिवाणखान्यात झोपला. त्याच्या जागी झोपताना पेलाभर पाणी पिऊ लागले. ते वेळेवर उठवतं, आवाज न करता.

खरा गुरू घरातच निघाला. सासूबाईंना रोज स्वप्न आठवतं, तेही रंग आणि नातलगांसकट. मी विचारलं, “आई, तुम्हाला कसं आठवतं हो?” त्या म्हणाल्या, “आठवायचं काय त्यात? तू उठतेस की पळतेस गं?” त्या जाग आल्यावर हलत नाहीत. डोळे मिटूनच पडून राहतात, मग सावकाश तळहात समोर धरतात, श्लोक म्हणतात आणि मगच पाय जमिनीला लावतात. गंमत अशी की, स्वप्नात आहोत का हे तपासायला शिकणाऱ्यांनाही हातच बघायला सांगतात. स्वप्नात बोटं सहा होतात, नाहीतर विरघळतात.

तेव्हापासून मी पळणं सोडलं. जाग आली की ज्या कुशीवर असेन त्याच कुशीवर राहायचं. वार कोणता, दूध आलं का, हे विचार दाराबाहेर. आधी नुसती भावना हाताला लागते: धास्ती, लाज, कधी नुसती घाई. तिला धरून ठेवलं की शेवटचं दृश्य येतं, मग त्याच्या आधीचं, उलट्या क्रमाने. काहीच आलं नाही तर हळूच दुसऱ्या कुशीवर व्हायचं. बऱ्याचदा स्वप्न त्या कुशीत ठेवलेलं असतं. मग अंधारातच वहीत आधी नामं लिहायची. ‘जिना. मामी. ओली पिशवी.’ वाक्यं सकाळी. वाक्य लिहायला बसलं की मन लगेच गोष्ट रचतं, आणि रचलेली गोष्ट स्वप्नापेक्षा नेहमी शहाणी असते.

या शहरात स्वप्नाचं व्याकरणही तीन तऱ्हेचं आहे. आमच्याकडे स्वप्न पडतं. शेजारच्या तेलुगू घरात ते येतं, ‘कल वच्चिंदि’. समोरच्या इराणी हॉटेलात चहाबरोबर वही उघडली की गल्ल्यावरचे चाचा विचारतात, “क्या ख़्वाब देखे?” म्हणजे तिथे ते पाहिलं जातं. मला वाटतं, सुरुवातीला मराठी व्याकरणच बरं. पडेल तेव्हा झेलायचं, बघणं पुढचं.

झेलणं काय असतं ते तुकोबांच्या गुरुकृपेच्या अभंगात दिसतं. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितलं, आणि ते द्यायचं मात्र स्वप्नात राहून गेलं. गुरूचं नाव बाबाजी, तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. एवढ्या मोठ्या अनुभवात पावशेर तूप आणि त्याचा विसर टिकून राहिला, याचं मला आता फार अप्रूप वाटतं. माझ्यासारखीने तूप गाळून नुसता उपदेश लिहिला असता.

सहाव्या आठवड्यात रोज एक, कधी दोन स्वप्नं जमू लागली. बहुतेक कंटाळवाणी. परवाचं वहीत असं आहे: ‘काचीगुडा. फलाट ओला. पाटीवर नाव नाही, “येथे थुंकू नये”. पुन्हा पाहिलं तर “येथे थांबू नये”. मी थांबले.’ एकच पाटी दोनदा वाचली आणि अक्षरं बदलली. स्वप्न ओळखायची याहून ढळढळीत खूण नाही. आणि मी काय केलं, तर पाटीची आज्ञा मोडली म्हणून फलाटावर अपराधी होऊन उभी राहिले.

सकाळी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग गाडी आली का?”

ते लिहायचं राहिलंय.