दारिद्र्याची सनद

मध्ययुगात मठ राजांकडून व पोपकडून सनदा मिळवीत, त्या बहुधा जमिनींच्या अथवा करमाफीच्या असत. काहीही न बाळगण्याचा हक्क मिळावा म्हणून सनद मागणारा मठ विरळाच. इटलीतील असिसी नगराबाहेरचा सान दामियानो हा जोगिणींचा मठ असा होता.

त्याची प्रमुख क्लारा ही सरदार घराण्यातील कन्या. १२१२ साली, ईस्टरपूर्वीच्या रविवारी, अठराएक वर्षांच्या क्लाराने रात्री घर सोडले. संत फ्रान्सिसने स्वहस्ते तिचे केस कापले. थोड्याच दिवसांत धाकटी बहीण आग्नेस तिच्यामागे आली; नातलगांनी तिला बळाने परत नेण्याचा केलेला प्रयत्न फसला. पुढे फ्रान्सिसने डागडुजी केलेल्या सान दामियानोच्या लहानशा देवालयापाशी या जोगिणी राहू लागल्या.

त्या काळी मठात येणारी मुलगी सोबत धन आणी. मठाच्या शेतीवाडीच्या उत्पन्नावर जोगिणींचा योगक्षेम चाले. साहजिकच मठाची दारे सधनांच्या मुलींना अधिक सुलभ असत. क्लाराने हा मार्ग नाकारला. येणारीने आपले धन गरिबांत वाटून यावे, आणि सर्वांनी हातचे काम व मिळेल ती भिक्षा यांवर राहावे, असा तिचा दंडक होता. आजारपणात अंथरुणावर बसूनही ती सूत काती.

धर्माधिकाऱ्यांची चिंता अगदीच अनाठायी नव्हती. मठाबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांनी दुष्काळात अगर युद्धकाळात खावे काय? पोप नववा ग्रेगरी याने मठाला मालमत्ता देऊ केली. व्रत आड येत असेल तर त्यातून मुक्त करण्याचीही तयारी दर्शविली. पापांतून मुक्ती हवी, ख्रिस्ताच्या अनुकरणातून नको, अशा आशयाचे उत्तर तिने दिल्याचे तिचे चरित्र सांगते. अखेर १२२८ साली त्याच पोपने, या जोगिणींवर मालमत्ता घेण्याची सक्ती कोणी करू नये, असे लिहून दिले.

झगडा तेथेच संपला नाही. १२४७ साली पोप चौथा इनोसेंट याने लावून दिलेल्या नियमांत मालमत्तेस मुभा होती. तेव्हा क्लाराने स्वतःच मठाचे नियम रचले. स्त्रियांसाठी स्त्रीने लिहिलेली आणि पोपने मान्य केलेली ही पहिली नियमावली होय. ९ ऑगस्ट १२५३ रोजी तिला मान्यता मिळाली. ११ ऑगस्टला क्लाराने देह ठेवला.

पुढे जोगिणी असिसी नगरात राहावयास गेल्या. मान्यतेचा तो मूळ लेख १८९३ साली सापडला. चाळीस वर्षांच्या आग्रहाचे ते फळ क्लाराच्या वस्त्रांत जपून ठेवलेले होते.